कन्नडचे सर गेले आणि आमचं बॅनरवर अडलंय

प्रश्न : नमस्कार ताई, मी बेळगाव तालुक्यातली, लग्न होऊन आता बेळगाव शहरातल्या शहापूरला असते. आमच्या हायस्कूलचे कन्नडचे सर गेल्या महिन्यात वारले. शाळा मराठी माध्यमाची, सगळे विषय मराठीतून आणि दिवसातला एकच तास कन्नडचा. प्राथमिकला कन्नड होतं पण अक्षरं ओळखण्यापुरतं, त्यामुळे आठवीत आलो तेव्हा निम्म्या वर्गाच्या पोटात त्या तासाला गोळा यायचा. सर पहिल्या दिवशी पुस्तक घेऊन आलेच नाहीत, एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यात जुनी लाईटबिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, एक लग्नपत्रिका, कुणाच्या तरी शेताचा उतारा. म्हणाले पुस्तक नंतर, आधी घरात येणारा कागद वाचायला शिका. दहावी होईपर्यंत आमच्या गल्लीतले लोक उतारा वाचून घ्यायला माझ्याकडे यायला लागलेले.

सरांचं मराठी कन्नड वळणाचं होतं, "तो वही" "ती पेन" असं व्हायचं, आम्ही हसायचो. ते पण हसायचे, म्हणायचे मी तुमच्या भाषेत चुकतो, तुम्ही माझ्या भाषेत चुका, हिशेब बरोबर. वहीत लाल पेन कधी वापरलं नाही. चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारायचे आणि आपण तो शब्द दुरुस्त करून नेला की खोडरबर आपल्याच हातात द्यायचे, माझी रेघ आता तूच खोड म्हणायचे. मला दहावीला 625 पैकी किती पडले ते आता नीट आठवत नाही पण तो खोडरबर आठवतो.

कळल्यावर मी गेले होते, पण गर्दीत मागेच उभी राहिले. दाराशी कन्नडमध्ये कागद लावला होता, नावाखाली लिंगैक्य झाले असं लिहिलेलं, लिंगायतांत वारले म्हणायला तसं म्हणतात. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि वाचता वाचता लक्षात आलं की हे मला वाचता येतंय ते यांच्यामुळेच. मग तिथं थांबवलंच नाही, कुणाशी न बोलता परत आले.

आता आमच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, 2004 ची दहावी. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घ्यायची ठरली, 46,000 रुपये जमले, आणि मग बॅनर कुठल्या भाषेत करायचा यावरनं भांडण लागलं. एकजण म्हणतो मराठी शाळा आहे तर मराठीतच. दुसरा म्हणतो सरांच्या घरच्यांना वाचता यायला पाहिजे की. आणि एकानं तर लिहिलं की कन्नडवाल्यांचं कन्नडवाले बघतील, आपण कशाला. त्यानंतर चार दिवस ग्रुपवर कुणी काही बोललेलं नाही. पैशाचं काय करायचं ते पण अडकलंय, कुणी म्हणतं मोठा फोटो करू, कुणी म्हणतं जेवण घालू.

आणि एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही, तुम्हाला लिहिते. मागच्या वर्षी खडे बाजारात सर दिसले होते, हातात औषधाची पिशवी होती, मी मुलाला क्लासवरनं आणायच्या गडबडीत होते, नंतर भेटू म्हटलं आणि स्कूटी तशीच पुढे काढली. त्यांनी बघितलं की नाही माहीत नाही. हे काही केल्या मनातनं जात नाही.
— एक माजी विद्यार्थिनी, शहापूर

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. बॅनरचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. बॅनर करूच नका. हॉलमध्ये फळा असेलच, त्यावर तुमच्यातल्या ज्याचं अक्षर चांगलं आहे त्यानं खडूनं सरांचं नाव लिहावं, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये, खाली जन्म आणि मृत्यूची साल, बाजूला टेबलावर फोटो आणि हार, झालं. ज्या माणसानं आयुष्यभर फळ्यावर लिहिलं त्याला फळा पुरतो. कन्नड अक्षराच्या डोक्यावर तो जो छोटा तुरा असतो, तलेकट्टु म्हणतात, तो नीट काढा, तुमच्या सरांनी तो शिकवताना बरीच डोकेफोड केली असणार.

आता "कन्नडवाल्यांचं कन्नडवाले बघतील" म्हणणाऱ्याबद्दल. त्याला ग्रुपवर झोडू नका, फोन करा. हे दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. 1956 ला आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आमच्या घरातले लोक दर 1 नोव्हेंबरला त्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या फेरीत चालत गेलेत, मी पण लहानपणी गेलेय, आणि 2004 साली, म्हणजे तुम्ही दहावीला होता त्याच वर्षी महाराष्ट्रानं या सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा घातला तो अजून चाललाय. उतारा कन्नडमध्येच का, पाटी कन्नडमध्येच का, हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारायलाच पाहिजेत. पण ते सरकारला विचारायचे. सरांनी तुमच्यावर कन्नड लादलं नाही, लादलेलं होतं त्याच्यातनं तुम्हाला वाट काढून दिली. आपल्याच शेताचा कागद हातात धरून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची पाळी तुमच्या गल्लीवर आली नाही ती या माणसामुळे. मराठी पोरांसाठी एवढं केलेल्या माणसाचा हिशेब सीमावादाच्या वहीत मांडायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्याला तू माझं नाव सांगून सांगितलंस तरी चालेल.

एक मात्र करा, सभा 1 नोव्हेंबरच्या आसपास ठेवू नका. त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडे काळ्या दिवसाची फेरी, चन्नम्मा सर्कलकडे गाडी सरकत नाही आणि माणसांची मनंही तापलेली असतात. साधा रविवार बघा, सकाळचा.

आता मला जे खरंच सांगायचंय ते.

माझे वडील खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिक्षक होते, गणित-सायन्स. ते गेले तेव्हा घरात माणसांची रीघ होती, जो येईल तो म्हणायचा फार चांगले सर होते, देवमाणूस होते, आणि आई मान हलवायची. तिला ते ऐकू येत होतं असं मला वाटत नाही. बाराव्याच्या आदल्या दिवशी एक बस कंडक्टर आला, ड्रेसवरच, ड्यूटी संपवून. पाणी प्यायला, जरा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला काकू, सरांच्या शेगडीचं तुम्हाला माहिती आहे का. आई म्हणाली कसली शेगडी. तर तो जांबोटीकडच्या एका वाडीतला. खानापूरचा पाऊस तुला माहितीच आहे, जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ही पोरं चार-पाच किलोमीटर चालत, ओढा ओलांडून यायची, कमरेपर्यंत भिजलेली. तर वडिलांनी सायन्सच्या खोलीत कोपऱ्यात एक शेगडी ठेवलेली आणि भिंतीला दोरी बांधलेली. पोरांनी आधी तिथं जायचं, शर्ट पिळून दोरीवर टाकायचा, हातपाय शेकायचे, मग वर्गात. आणि हजेरी पहिल्या तासाला घ्यायचेच नाहीत, दुसऱ्या तासाला घ्यायचे, म्हणजे ओढ्याला पाणी आलं म्हणून उशीर झालेल्या पोराचा खाडा लागायचा नाही. कंडक्टर म्हणाला, काकू माझी तीन वर्षांची हजेरी त्या शेगडीवर भरली.

आई एकदम ताठ बसली. म्हणाली, म्हणजे कोळसा तिकडं जात होता! तेव्हा आमच्या घरी पण शेगडीच होती, आणि दर पावसाळ्यात कोळशाचं पोतं महिना व्हायच्या आत संपायचं, आणि त्यावरनं आईनं कितीतरी वर्षं वडिलांशी भांडण केलेलं. दुकानदार मापात मारतो म्हणून दोनदा दुकान बदललेलं! वडील एक शब्द बोलले नव्हते. ते गेल्यापासून आई रडली नव्हती, ती त्या दिवशी पदर तोंडाला लावून रडली आणि मधेच हसली पण, आणि रात्री आम्हाला सगळ्यांना बसवून परत पहिल्यापासनं सांगितलं, कोळसा कुठं गेला ते.

म्हणून सांगते, तुमच्या सरांच्या बायकोला आणि मुलाला सर घरातले माहिती आहेत. भाजीत मीठ कमी झालं तर काय बोलायचे, झोपताना घोरायचे का, औषधं वेळेवर घ्यायचे का, ते त्यांना माहिती. ती कापडी पिशवी वर्गात उघडल्यावर काय व्हायचं ते त्यांना माहीत नाही. खोडरबरचं तर नक्कीच माहीत नसणार, माणूस घरी येऊन असलं काही सांगत नाही. घरातल्या जुन्या लाईटबिलांचं काय होतं असा प्रश्न त्या माऊलीलाही कधीतरी पडलेला असेल. अर्धा माणूस त्यांच्याकडे आहे, अर्धा तुमच्याकडे. तुमच्याकडचा त्यांना नेऊन द्या.

कसं करायचं ते सांगते. ग्रुपवर "सरांबद्दल दोन शब्द लिहा" असं टाकू नकोस, सगळे "सर महान होते" लिहितील आणि मोकळे होतील. प्रत्येकाला वेगळा मेसेज कर आणि एकच विचार, सरांच्या तासाला घडलेली एक गोष्ट सांग, कितवीत होतास, कुठल्या बाकावर बसायचास, सर काय बोलले. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठव म्हणावं. पुण्याला, गोव्याला गेलेले असतील त्यांना मुद्दाम विचार, लांब गेलेल्यांना जास्त आठवतं. त्या कन्नडवाल्यांचं म्हणणाऱ्याला पण विचार, आणि पहिल्यांदा त्यालाच विचार. माझा अंदाज आहे त्याच्याकडे सगळ्यात चांगली गोष्ट निघेल, राग असलेल्या माणसाला बारीकसारीक आठवत असतं.

लहान गोष्टींना नाही म्हणू नकोस. कन्नडमध्ये ए दोन असतात, एक आखूड आणि एक लांब, आपल्याला ते कानाला कळतच नाहीत. आमच्या कन्नडच्या बाई त्यासाठी एक शब्द सांगायच्या, केरे म्हणजे तळं, आणि तोच के लांबवला की धामण, तेव्हा केरेत पोहायला जातो म्हणताना जपून म्हणा! चाळीस वर्षं झाली, माझ्या अजून लक्षात आहे. तुमच्या सरांचं पण असं काहीतरी असणार आणि ते कुणीतरी लिहायलाच पाहिजे. तसंच ते "तो वही, ती पेन" पण लिहा, गाळू नका. कन्नडमध्ये वस्तूंना पुल्लिंगी-स्त्रीलिंगी असतच नाही, वही काय आणि पेन काय सगळंच "अदु", त्यामुळे आपल्या भाषेत प्रत्येक वस्तूचं लिंग पाठ करताना त्या माणसाला किती त्रास झाला असेल बघ, आणि तरी तो रोज तुमच्यासमोर मराठीत बोलायला उभा राहिला. त्यांच्या घरच्यांना याचं वाईट नाही वाटणार, उलट त्यांना तो आवाज ऐकू येईल.

जमलेलं सगळं टाईप करून घ्या, ज्याला जसं आलं तसं, मराठीत. आणि मग तुमच्यातल्या तीन-चार जणांनी, तू धरून, त्याचं कन्नड करा. हो, तूच. शिकवलं कुणी मग! चुका होतील, होऊ देत, पण कुठल्या जाणकाराकडून घासूनपुसून घेऊ नका. वाटलं तर पेन्सिलनं लिहा. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, चार-पाच कॉपी स्पायरल करून घ्या, काही शेकड्यांत होतं. एक घरच्यांना, एक शाळेच्या लायब्ररीला. सभेत भाषणं ठेवू नका, यातलंच एकेकानं उठून वाचा, जमेल तिथं दोन्ही भाषांत. प्रमुख पाहुणे वगैरे तर अजिबात नको, ते उशिरा येतात आणि स्वतःबद्दल बोलतात.

पैशाचं. मोठा फोटो नको, शाळेच्या भिंतीवर आधीच जागा नसते आणि पुढच्या रंगकामाला तो उतरतो तो उतरतोच. जेवण पण नको, चहा आणि थोडा कुंदा पुरे. उरलेल्याचं दत्तिनिधी बक्षीस ठेवा, म्हणजे ठेवीच्या व्याजातनं दरवर्षी द्यायचं बक्षीस. 46,000 मधले 45,000 संस्थेच्या नावानं मुदत ठेवीत टाकले तर सात टक्क्यांनी वर्षाला 3,150 रुपये व्याज होतं, दर कमी-जास्त झाला तरी साधारण तेवढंच, एका मुलाच्या बक्षिसाला पुरतं. फक्त नुसते पैसे देऊन येऊ नका. संस्थेला पत्र द्या, त्यावर मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, पावती घ्या, बॅचमधल्या दोघांची नावं त्यात घाला म्हणजे दरवर्षी विचारायला कुणीतरी राहील. सरांचं नाव लावायला घरच्यांना आधी विचारा. आणि पत्रात हे पण लिहा की उद्या शाळा बंद पडली तर रक्कम कुठं जाईल. वाईट वाटतं लिहायला, पण आपल्याकडच्या मराठी शाळांचे पट कसे कमी होत चाललेत ते तू बघतेसच.

बक्षीस कन्नडमध्ये पहिल्या येणाऱ्याला देऊ नका, एवढं माझं ऐका. पहिल्याला बाकीची बक्षिसं असतातच. आठवीच्या पहिल्या चाचणीपासून दहावीपर्यंत कन्नडमध्ये ज्याची सगळ्यात जास्त सुधारणा झाली त्याला द्या. पोटात गोळा येऊन बसलेलं पोरगं असतं ना, त्याला.

आता खडे बाजार. थांबली नाहीस हे खरं आहे आणि ते आता बदलणार नाही, मी तुला काहीतरी बोलून त्याच्यातनं सोडवू शकत नाही. पण शिक्षकाच्या घरात वाढलेली म्हणून एक सांगते. आमचे वडील बाजारातनं आले की पिशवी ठेवायच्या आधी सांगायचे, आज पोस्टाजवळ अमका दिसला, गाडी घेतली वाटतं त्यानं. आई विचारायची बोलला का. तर म्हणायचे घाईत होता गं. बस्स, एवढंच. ज्या दिवशी कुणी दिसलं त्या दिवशी ते खूश असायचे, बोलला की नाही ते त्यांनी कधी धरून ठेवलं नाही. तुझ्या सरांनी तुला बघितलं असेल तर घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्या बायकोला माहिती असेल. विचार तिला.

म्हणजे जायला लागेल. फोन नको करूस, जा, संध्याकाळची, सभेच्या आधी. काय बोलू म्हणून घाबरू नकोस, दारात उभी राहून एवढं म्हण, सरु नमगे कन्नड कलिसिद्रु. सरांनी आम्हाला कन्नड शिकवलं. पुढचं त्या बोलतील.

प्रश्न : मी 61 वर्षांचा आहे, निपाणीकडचा. आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाई चार वर्षांपूर्वी गेल्या हे मला आत्ता एका लग्नात कळलं. मी तेव्हा मुंबईला होतो, कुणी कळवलं नाही. बाईंची मुलगी कोल्हापूरला असते असं ऐकलं. आता इतक्या उशिरा तिला पत्र लिहिणं बरं दिसेल का, की जुनी जखम परत उघडल्यासारखं होईल?
— एक वाचक

उत्तर : लिहा हो. बिनधास्त लिहा. पहिल्या पंधरा दिवसांत सगळे येतात आणि मग कुणी येत नाही, चार वर्षांनी आलेल्या पत्राची वाट कुणी बघत नसतं म्हणूनच ते जास्त वाचलं जातं. आमच्या वडिलांच्या नावानं शेवटचं पत्र ते गेल्यावर नऊ वर्षांनी आलं होतं, मडगावहून, एका बाईंचं. आठवीत असताना वडिलांनी त्यांना परीक्षेला स्वतःची कंपासपेटी दिलेली आणि ती परत करायची राहून गेली म्हणून. आईनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि कुकरच्या डब्यात ठेवलं, तिची महत्त्वाची कागदं तिथंच असायची.

"उशिरा कळलं" हे पहिल्या ओळीत लिहून टाका, त्याची माफी चार-चार वेळा मागत बसू नका. मग बाईंची एक गोष्ट लिहा, एकच, पण पूर्ण. तुमच्याकडे त्यांच्या हातची वही, ग्रुप फोटो असं काही असेल तर त्याची कॉपी जोडा, मूळ तुमच्याकडेच राहू दे. उत्तर पाठवा असं लिहू नका, खाली फोन नंबर लिहा, तिला वाटलं तर करेल. आणि हातानं लिहा, व्हॉट्सॅपवर नको. फक्त पाठवायच्या आधी मुलीचं लग्नानंतरचं आडनाव आणि पिनकोड त्या लग्नात भेटलेल्यांकडून नीट विचारून घ्या, नाहीतर पत्र कोल्हापुरात फिरत राहील.